एदोची मांजरं: एका छोट्या प्रदर्शनाच्या कामाच्या नोंदी

३ जून

काम ठरलं. ग्रंथालयाच्या वाचनकक्षातली लांब भिंत पावसाळ्यात रिकामी असते. तिथे जपानी लाकडी ठशांवरच्या छापचित्रांतली मांजरं लावायची. मूळ चित्रं अर्थातच नाहीत. मोठ्या संग्रहालयांनी मोफत वापरासाठी खुल्या केलेल्या प्रतिमांवरून छापून घेतलेल्या प्रती. प्रत्येकीखाली मराठीत मजकूर. सोबत एक ठसा मी स्वतः कोरायचा, म्हणजे येणाऱ्या मुलांना कागदावर मांजर उमटवून घरी नेता येईल.

ग्रंथपाल बाईंनी विचारलं, "मांजरंच का? जपानी चित्रं म्हणजे ती मोठी लाट, तो फुजी डोंगर, ते लावा ना." लाट लोकांनी मगवर, छत्रीवर, मोबाइलच्या कव्हरवर पाहिली आहे. मांजरं पाहिलेली नाहीत. आणि मला वाटतं, एदो शहरातली माणसं कशी जगत होती हे लाटेपेक्षा मांजरं जास्त सांगतात. एदो म्हणजे आजचं टोकियो. १६०३ ते १८६८ या काळात तोकुगावा शोगुनांची सत्ता तिथून चाले आणि ही बहुतेक चित्रं तिथल्याच गल्ल्यांत छापली, विकली गेली.

६ जून

आकाराचा निर्णय: मूळ मापातच छापायचं. त्या काळी सर्वात जास्त चालणारं माप ओबान, म्हणजे साधारण ३९ बाय २६ सेंटिमीटर. आपल्या वर्तमानपत्राच्या अर्ध्या पानाच्या आसपास. मोठं करून लावण्याचा मोह होतो, पण ही चित्रं भिंतीसाठी नव्हतीच. हातात धरून, जवळून, चारचौघांत फिरवून बघायची ती वस्तू होती. मोठी केली की रेषा जाड होतात आणि चित्र फलकासारखं दिसू लागतं.

तीन कागद शेजारी लावून होणारी चित्रं वेगळी. त्यांना सुमारे ७५ सेंटिमीटर रुंदी लागेल. भिंतीच्या मध्यभागी तेवढी जागा राखून ठेवली.

११ जून

आज पूर्ण वेळ हिरोशिगे या एदोतल्या चित्रकाराच्या एकाच चित्रावर. मालिका 'एदोतील शंभर प्रसिद्ध दृश्यं', चित्र क्रमांक १०१, साल १८५७. पुढच्याच वर्षी हिरोशिगे गेला.

एक खिडकी, तिला उभे गज. खिडकीच्या कट्ट्यावर पांढरं मांजर पाठमोरं नव्हे, कुशीवरून दिसेल असं, अंग गोळा करून बसलेलं. शेपूट आखूड. ते बाहेर बघतंय. बाहेर संध्याकाळ, तांबूस आकाश, दूर फुजी, घरट्याकडे परतणारे पक्षी आणि भाताच्या शेतांतून जाणारी माणसांची बारीक रांग. त्यांच्या खांद्यावर काहीतरी उंच उंच आहे. ते बांबूचे पंजे, कुमादे. अकराव्या महिन्यातल्या कोंबडा-दिवशी (जुन्या दिनदर्शिकेत दिवसांना प्राण्यांची नावं असत) एदोच्या असाकुसा भागातल्या ओतोरी देवस्थानी जत्रा भरे आणि लोक वर्षभराची बरकत ओढून आणायला हे सजवलेले पंजे विकत घेत. आजही घेतात.

आता खिडकीच्या आत बघायचं. कट्ट्यावर पाण्याचं भांडं आणि हात पुसायचा पंचा. जमिनीवर केसांत खोवायच्या काड्या, त्यांनाही त्या जत्रेतल्या पंज्याचाच आकार. डाव्या कडेला घडीच्या पडद्याची नुसती किनार आणि तिच्या खालून डोकावणारे पातळ कागद. ही खोली योशिवारामधली आहे, सरकारी परवान्याने चालणाऱ्या वेश्यावस्तीतली. १६५७ च्या भीषण आगीनंतर ती वस्ती शहराच्या मध्यातून उचलून असाकुसाच्या मागे, या शेतांच्या कडेला नेली होती. भोवती खंदक. आत राहणाऱ्या बायकांना बाहेर पडता येत नसे. जत्रेच्या दिवशी मात्र एरवी बंद असणारी दारंही उघडत आणि बाहेरची गर्दी आत येई.

खोलीतली बाई चित्रात कुठेही नाही. तिच्या काड्या आहेत, पंचा आहे, पडद्याची कड आहे. तिने जे बघायला हवं होतं ते मांजर बघतंय.

हे चित्र मी पुष्कळ वेळा पाहिलं होतं, पण मजकूर लिहायला बसल्यावर ते नीट कळलं. गज आहेत म्हणून शेत एवढं मोकळं दिसतं.

१५ जून

पहिल्या चित्राखालच्या मजकुरावर बाईंशी बोलणं झालं. "मुलं येतात इथे, जरा जपून लिहा हं," असं त्या म्हणाल्या, आणि त्यात चूक काही नाही. पण जपून लिहायचं म्हणजे खोटं लिहायचं नाही. शेवटी ठरलं ते असं:

"ही खिडकी योशिवारा नावाच्या वस्तीतल्या एका खोलीची. इथल्या बायका पैशांसाठी बांधल्या गेलेल्या होत्या, त्यांना वस्तीबाहेर जाता येत नसे. आज बाहेर जत्रा आहे. या खोलीत राहणारी बाई चित्रात दाखवलेली नाही. तिच्या वस्तू शोधा."

बाईंनी दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, राहू दे असंच.

१९ जून

हिरोशिगेच्या मागे जावं लागणार हे आज लक्षात आलं. मांजर आणि पडदा ही जोडी त्याने शोधलेली नाही. ती आठशे वर्षं जुनी होती आणि त्याच्या गिऱ्हाइकांना पाठ होती.

अकराव्या शतकाच्या सुरुवातीला दरबारातल्या मुरासाकी शिकिबूने लिहिलेल्या गेंजीच्या कथेत हा प्रसंग येतो. तिसरी राजकन्या गेंजीची बायको आहे. थोरामोठ्यांच्या बायका परपुरुषासमोर येत नाहीत, वेताच्या पडद्यामागे असतात. अंगणात तरुण मंडळी चेंडू खेळतायत. आतून एक लहानसं चिनी मांजर पळत येतं, मागे मोठं मांजर लागलेलं. लहान मांजराला लांब दोरी बांधलेली आहे. ती पडद्यात अडकते, ओढली जाते, पडदा एका बाजूने वर उचलला जातो आणि काशिवागी नावाच्या तरुणाला राजकन्या उभी दिसते. क्षणभरच. त्या क्षणावरून पुढे प्रेम, पाप, एक मूल आणि काशिवागीचा मृत्यू. मधल्या काळात तो कसंबसं ते मांजर मिळवतो आणि राजकन्येऐवजी त्यालाच कुशीत घेऊन झोपतो.

दोरीचं म्हणाल तर ती कल्पना नव्हे. मांजरं त्या काळी चीनहून आलेली, महागाची, आणि बांधून ठेवलेली असत. १६०२ मध्ये क्योतोत हुकूम निघाला की मांजरं मोकळी सोडा, उंदीर फार झालेत.

छापचित्रांत ही राजकन्या ओळखायची खूण म्हणजे दोरी बांधलेलं मांजर. १७६५ मध्ये अनेक रंगांची छपाई जमली, तिला निशिकी-ए म्हणजे जरीची चित्रं म्हणू लागले, आणि सुझुकी हारुनोबू तिचा पहिला मोठा चित्रकार. त्याने आणि त्याच्यामागून इसोदा कोर्युसाईने ही राजकन्या आपल्या काळातल्या पोरीच्या वेशात आणली. बाई, मांजर, दोरी. काशिवागी बहुतेकदा नसतोच. त्याची गरज नाही, कारण त्याच्या जागेवर चित्र हातात धरणारा माणूस उभा असतो.

म्हणजे प्रदर्शनाची सुरुवात हिरोशिगेने नाही, हारुनोबूने. क्रम बदलला.

२३ जून

आणि क्रमाबरोबर सगळ्या कामाचा कणाही हाती लागला असं वाटतंय. जे दाखवता येत नाही, ते दाखवायला एदोच्या चित्रकारांनी मांजर पाठवलं. राजकन्येला पडदा होता. योशिवारामधल्या बाईला गज होते. आता तिसरा पडदा, सरकारचा. तिथे कुनियोशी लागतो.

२८ जून

उतागावा कुनियोशी, १७९८ ते १८६१. बाप रेशीम रंगवणारा. गुरू तोयोकुनी. तीस वर्षांचा होईपर्यंत हातात फारसं काम नाही. मग १८२७ च्या सुमारास चिनी कथेतल्या गोंदलेल्या बंडखोर वीरांची मालिका आली आणि एका फटक्यात नाव झालं. पण आज जगभर तो मांजरवाला म्हणून ओळखला जातो आणि ते योग्यच आहे. घरात मांजरांचा राबता. काम करताना किमोनोच्या गळ्यातून पिल्लू बाहेर डोकावत असे, असं शिष्यांच्या आठवणींत आहे. एखादं मेलं की र्‍योगोकूच्या एको-इन मंदिरात पाठवायचं आणि घरच्या देव्हाऱ्यात त्याच्या नावाची पाटी ठेवायची. लहानपणी काही काळ त्याच्याकडे शिकलेल्या कावानाबे क्योसाईने पुढे या चित्रशाळेचं चित्र काढलं, त्यातही गुरूच्या अंगाखांद्यावर मांजरं आहेत.

आता बंदी. १८४१ मध्ये मिझुनो तादाकुनी या मुख्य मंत्र्याने काटकसर आणि नीतीच्या नावाखाली सुधारणा सुरू केल्या. १८४२ मध्ये नट, वेश्या आणि गेशा (नाचगाण्याने मन रिझवणाऱ्या बायका) यांची चित्रं छापायला मनाई झाली. छापचित्रांचा अर्धाअधिक धंदा याच लोकांच्या चेहऱ्यांवर चालत होता. उद्या कोणी सांगितलं की सिनेनट आणि क्रिकेटवाल्यांचे फोटो कुठे छापायचे नाहीत, तर आपल्याकडच्या पेपरांचं काय होईल, तेवढा हा फटका मोठा.

कुनियोशीने नटांना मांजरं केलं. नुसतं माणसाच्या धडावर मांजराचं डोकं नव्हे. भुवई, नाकाचा बाक, ओठाची ठेवण अशी की कट्ट्यावरचा प्रेक्षक लगेच नट ओळखेल. अंगावरच्या कपड्यांवर फुलांऐवजी मासे, घुंगरं, शिंपले. हातपंख्यासाठी छापायच्या चित्रांत ही मंडळी विशेष आहेत. सांतो क्योझानच्या मांजरांच्या चित्रकथेचे भाग १८४२ पासून १८४९ पर्यंत निघत राहिले. नायिका ओकोमा नावाची मांजरी, आणि चित्रं कुनियोशीची.

इथे एक गोष्ट मजकुरात स्पष्ट लिहायची आहे, कारण सगळीकडे ती सोपी करून सांगतात. बंदी आली म्हणून कुनियोशी मांजरांकडे वळला, असं नाही. १८४१ मध्ये किकुकावा कुनिमारू नावाचा चेंडूचे खेळ करणारा एदोत गाजत होता, त्याला कुनियोशीने बंदीच्या आधीच मांजर करून छापलं होतं. मांजरं आधी आली, प्रेमापोटी आली. बंदीने त्यांना काम दिलं. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण त्या मांजरांकडे बघितलं की कळतं, सरकारला चकवण्यासाठी घाईने घातलेला मुखवटा इतका जिवंत नसतो. पंजा चाटायला उचललेला पाय मागून कसा दिसतो, अंग ताणताना खांद्याची हाडं कशी वर येतात, रागात कान कुठवर मागे जातात, हे वर्षानुवर्षं मांडीवर मांजर घेतलेल्या माणसाचं काम आहे.

४ जुलै

मध्यभागी राखलेली ७५ सेंटिमीटर जागा या चित्रासाठी होती: तोकाइदोच्या त्रेपन्न मुक्कामांची मांजरं. साल सुमारे १८५०, तीन कागद.

एदो ते क्योतो या मोठ्या रस्त्यावर त्रेपन्न मुक्काम. हिरोशिगेने १८३३-३४ मध्ये त्यांची मालिका काढली आणि ती इतकी खपली की तो रस्ता न चाललेल्यांनाही मुक्काम ओळीने पाठ झाले. कुनियोशीने प्रत्येक मुक्कामाच्या नावावर कोटी केली आणि त्या कोटीचं मांजर काढलं. दोन टोकं धरून एकूण पंचावन्न. ना डोंगर, ना पूल, ना पाऊस. नुसती मांजरं, आणि तरीही अख्खा रस्ता.

मजकुरात कोट्या सगळ्या द्यायच्या नाहीत, निवडक द्यायच्या. हे घेतले:

निहोनबाशी, सुरुवात. कोटी 'निहोन दाशी', म्हणजे दोन दाशी, दाशी म्हणजे माशाचं सार. वाळवलेल्या बोनिटो माशाचे दोन तुकडे ओढणारं मांजर. शिनागावा झालं 'शिराकाओ', पांढरं तोंड. कावासाकी झालं 'काबायाकी', भाजलेली वाम. होदोगाया, 'नोदो काई', गळा खाजतोय. तोत्सुका, 'हात्सुका', घरातला लहान उंदीर. ओइसो, 'ओमोइ झो', जड आहे बुवा, असं म्हणत अख्खा ऑक्टोपस ओढणारं. नुमाझू, 'नामाझू', शिंगाळ्यासारखा मिशांचा मासा. आणि शेवटचं क्योतो: मांजराच्या तोंडात उंदीर, आणि उंदराची किंकाळी, 'ग्यो!'

मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही. कीर्तनातून, नाटकातून, घरच्या जेवणाच्या पंक्तीतून कोटी करणं आपल्या कानात आहे. कोटी जितकी ओढूनताणून तितकी मजा जास्त, हेही दोन्हीकडे सारखंच.

चित्राच्या खाली बुटकं स्टूल ठेवायचं, म्हणजे लहान मुलांना खालची मांजरं तोंडासमोर येतील. वरच्यांसाठी मोठ्यांनी उचलून घ्यावं.

९ जुलै

ठशाचं काम आजपासून.

जपानात ठसा रानचेरीच्या लाकडाचा. दाट, एकसारखा, केसाएवढी रेघ कोरली तरी तुटत नाही. चित्रकार पातळ कागदावर शाईने रेखाटन करून देई. कोरणारा ते पालथं ठशावर चिकटवी आणि रेघ सोडून बाकीचं लाकूड काढून टाकी. कागदही त्यातच जाई. म्हणजे ज्या हाताचं नाव चित्रावर आहे, त्या हाताचं रेखाटन उरतच नाही. मग प्रत्येक रंगाला वेगळा ठसा, छापणारा वेगळा, आणि या सगळ्यांना पैसे देऊन बाजारात उतरणारा प्रकाशक आणखी वेगळा. मांजराच्या अंगावरचे केस, मिशा ही कोरणाऱ्याची कसोटी. कुनियोशीच्या मांजराची मऊ लव बघताना त्या अनाम कोरणाऱ्याला विसरू नये, असं एक वाक्य पहिल्याच फलकावर टाकतोय.

आमच्याकडे चेरी नाही. सुतारकाकांनी शिवणीची फळी दिली, रंधून गुळगुळीत. "कोरायला लोण्यासारखी, पण फार बारीक रेघ मागू नकोस तिच्याकडे," हे त्यांनी फळी हातात देतानाच सांगितलं. म्हणून केसाळ मांजर नको. हिरोशिगेचं पांढरं मांजर घेतलं: एक बाह्यरेषा, दोन कान, आखूड शेपूट. खिडकी नाही, गज नाहीत, फक्त ते.

१४ जुलै

पांढरं मांजर छापायचं म्हणजे काय छापायचं, हा खरा प्रश्न. कागदच पांढरा आहे. शाई कुठे लावणार?

हिरोशिगेच्या सुरुवातीच्या प्रतींत यावरचा उपाय दिसतो. मांजराच्या अंगाला शाई नाही, उठाव आहे. कोरून खोल केलेल्या भागावर ओला कागद ठेवून मागून दाबायचा, म्हणजे अंग कागदातून वर येतं. बिनशाईच्या अशा छपाईला काराझुरी म्हणतात, रिकामी छपाई. समोरून सपाट उजेडात ती दिसत नाही. चित्र तिरपं धरलं की मांजर फुगतं.

आज त्याच्यावरच दिवस गेला. पुण्याचा हातकागद वापरला. तो सुती चिंध्यांचा, कोझो नावाच्या जपानी झुडपाच्या सालीच्या लांब तंतूंचा नव्हे, त्यामुळे पातळ असून चिवट असा नाही. पण जाड आहे आणि उठाव छान धरतो. पाणी शिंपडून ओल्या कागदांच्या थरात रात्रभर दाबून ठेवलेला कागद सगळ्यात चांगला उठला. जुलैची हवा यात मदतच करते. फक्त शाईत घालायची तांदळाच्या पिठाची खळ रोजच्या रोज ताजी करायची, या दिवसांत ती लगेच आंबते.

दाबायला जपानी छपाईवाले बांबूच्या पानात गुंडाळलेली चकती वापरतात, तिचं नाव बारेन. मी बाह्यरेषेला सपाट लाकडी गुंडी आणि उठावाला कापडाची पुरचुंडी वापरली. पाठ चांगली आली. कानाच्या आतला खळगा अजून खोल करायचा.

भाची शेजारी बसून बघत होती. पहिला कागद उचलल्यावर तिने मांजराच्या पाठीवरून बोट फिरवलं. प्रदर्शनात एक प्रत हात लावण्यासाठी ठेवायची, हे तिथेच ठरलं. ज्यांना दिसत नाही त्यांनाही हे मांजर बघता येईल.

२० जुलै

आज फक्त उंदीर.

१८४१ च्या सुमाराचं कुनियोशीचं एक चित्र आहे, 'उंदीर पळवणारं मांजर'. एकच मांजर, मान वळवून वर बघणारं, आणि वर मजकूर: हे चित्र घरात लावा, उंदीर ते बघून घाबरतील, हळूहळू कमी होतील, आणि आले तरी नासधूस करणार नाहीत. ही जाहिरातही आहे आणि ताईतही. रेशमाचे किडे पाळणाऱ्यांना उंदीर म्हणजे सर्वनाश, एका रात्रीत वर्षाची कमाई खाऊन टाकतात. आजच्या गुन्मा प्रांतात, तेव्हाच्या कोझुकेमध्ये, इवामात्सू नावाचं पडत्या काळातलं सरदार घराणं होतं. त्यांच्या चार पिढ्यांनी शेतकऱ्यांसाठी मांजरांची चित्रं हाताने काढून दिली. मेइजी काळात, म्हणजे १८६८ मध्ये शोगुनांची सत्ता गेल्यानंतर, घराण्याने नित्ता हे नाव घेतलं, प्रमुखाला बॅरन ही पदवी मिळाली, आणि लोक त्याला मांजर बॅरन म्हणू लागले.

ही हाताने काढलेली चित्रं आमच्या भिंतीवर नसतील, पण कुनियोशीच्या मजकुराखाली त्यांचा उल्लेख हवा. छापचित्र म्हणजे फक्त बघायची गोष्ट नव्हती. घराच्या कामाला येई.

२५ जुलै

भुतांचं मांजर घ्यायचं की नाही यावर बाईंशी पुन्हा चर्चा. घ्यायचं.

समजूत अशी की म्हाताऱ्या मांजराची शेपटी दुभंगते आणि त्याचं नेकोमाता होतं. डोक्यावर पंचा टाकून ते दोन पायांवर नाचतं, रात्री समईचं तेल चाटतं. गरीब घरांत दिव्याला माशाचं तेल वापरत, त्यामुळे मांजर दिव्याजवळ उभं राहून तेल चाटताना खरोखरच दिसत असणार. आखूड शेपटीच्या मांजरांना एदोत एवढी पसंती होती, त्यामागे ही भीतीही सांगतात. तोकाइदोवरच्या ओकाझाकी मुक्कामाशी म्हाताऱ्या मांजर-चेटकिणीची गोष्ट जोडली गेली. १८२७ मध्ये चौथ्या त्सुरुया नानबोकूच्या काबुकी नाटकात ती रंगमंचावर आली आणि त्यानंतर छापचित्रांत कायमची. कुनियोशीच्या त्रेपन्न मुक्कामांतही ओकाझाकीची कोटी 'ओ गा साके', शेपूट फाटली.

त्याचा शिष्य उतागावा योशिफुजी. त्याचं १८४७ चं चित्र मी निवडलं. लांबून बघितलं तर मांजराचा विक्राळ चेहरा. जवळ गेलं की तो चेहरा म्हणजे एकमेकांना बिलगलेली लहान मांजरं, आणि डोळे म्हणजे दोन घुंगरं. भीती दाखवून लगेच हसवणारं. ते मुलांच्या उंचीवरच लावणार.

३१ जुलै

मेइजी काळ. दोन चित्रं, दोन्ही फार आवडती.

कोबायाशी कियोचिका, १८७७, 'मांजर आणि कंदील'. त्या वर्षीच्या पहिल्या राष्ट्रीय औद्योगिक प्रदर्शनात ते मांडलं होतं. कागदी कंदील आडवा पडलाय, उंदीर त्याच्या आत घुसलाय, आणि मांजराने त्याची शेपटी पंजाखाली धरलीय. एवढे ठसे, एवढ्या छटा की लांबून तैलचित्र वाटावं. पाश्चात्त्य चित्रकलेशी लाकडाच्या ठशाने केलेली बरोबरी. मला त्यातला तो कागद आवडतो. पुन्हा एक पडदा, पुन्हा मांजराने ओढून काढलेलं काहीतरी.

त्सुकिओका योशितोशी, १८८८, बत्तीस स्त्रियांच्या मालिकेतलं. हाही कुनियोशीचाच शिष्य. कान्सेइ काळातली, म्हणजे १७८९ ते १८०१ मधली एक अविवाहित मुलगी पांढऱ्या मांजराला कवटाळून आडवी झालीय, गाल त्याच्या अंगावर. चित्राचं नाव आहे 'वैतागलेली', आणि वैताग मांजराला आलाय. तिचा आनंद आणि त्याची नाराजी, दोन्ही एकाच मिठीत. इथे मांजर कोणाच्या जागी आलेलं नाही. ते ते आहे, ती ती आहे.

५ ऑगस्ट

विसाव्या शतकातली चित्रं वगळली. ताकाहाशी हिरोआकीचं १९३१ चं टोमॅटोच्या रोपाजवळून दबकत जाणारं मांजर सुंदर आहे. इनागाकी तोमोओची लांब शेपटीची, कोनाकोनांची मांजरं तर वेगळ्या प्रदर्शनाचा विषय. पण योशितोशीच्या त्या मिठीनंतर पडदा उरत नाही. भिंत तिथेच संपवायची.

अंतिम क्रम: हारुनोबू, हिरोशिगे, कुनियोशीचे नट, उंदीर पळवणारं, मध्ये तोकाइदो, योशिफुजी, कियोचिका, योशितोशी. हिरोशिगे काळाच्या क्रमाने कुनियोशीनंतर यायला हवा, पण मला तो राजकन्येशेजारी हवाय. साल मजकुरात ठळक दिलंय, कोणाची गल्लत होणार नाही.

९ ऑगस्ट

चित्रं लागली. छतावरच्या ट्यूबलाइटच्या उजेडात आमच्या ठशाचा उठाव अजिबात दिसेना. टेबल खिडकीच्या बाजूला सरकवलं, आता उजेड आडवा येतो आणि मांजर कागदावरून उठतं. हात लावायची प्रत त्याच टेबलावर, दोऱ्याने बांधून.

१७ ऑगस्ट

सर्वात जास्त गर्दी तोकाइदोपुढे, हे अपेक्षितच होतं. अपेक्षित नव्हतं ते असं की एका निवृत्त गुरुजींनी चित्राखाली उभं राहून आपल्याच रेल्वेमार्गावर कोट्या करायला घेतल्या. बाईंनी लगेच मोठा कागद आणि रंगाचे खडू आणून टेबलावर ठेवले. आता मुलं येतात, स्टेशन निवडतात आणि मांजर काढतात.

आतापर्यंत आलेली: ठाणे, ठाण मांडून बसलेलं. पेण, पेंगणारं. रोहा, रोखून बघणारं. वीर, कान फाटलेला बोका, इथे कोटीची गरजच पडली नाही. खेड, खेळणारं पिल्लू. चिपळूण, आईला चिपकून. सावंतवाडी, सावध गडी, हे गुरुजींचं स्वतःचं आणि त्यांना त्याचा फार अभिमान आहे. संगमेश्वरावर सकाळपासून वाद चालू आहे. दोन मांजरं एकाच ताटलीतून जेवतायत असं काढायचं इथवर एकमत झालंय, नाव काय द्यायचं ते उद्या.

कागद अपुरा पडतोय. उद्या आणखी दोन मोठे तक्ते आणायचे, आणि चिकटपट्टी.